लान्सनायक मेथरची लाल दोरी

माझं सध्याचं पोस्टिंग सिंगापूर. क्लेमेंटी, अकरावा मजला, मुलगा अमित आणि सून रेवा यांचा फ्लॅट. बायको गेल्यावर साताऱ्यात एकट्याने राहू नका म्हणून मुलाने इकडे आणलं, त्याला तीन वर्षं झाली. सकाळी ०५०० ला उठतो, खाली येऊन ब्लॉकला चार फेऱ्या मारतो, ०६३० ला चहा. बाहेर बारा महिने घाम. बर्फ बघायचा असेल तर फ्रीजर उघडायचा.

अशा ठिकाणी माझ्या सुनेला स्कीइंगचं वेड लागलं आहे.

रेवा मूळची पुण्याची. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत जहाजांची वेळापत्रकं बघते. मी इकडे यायच्या आधी एकदा ती ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जपानला गेली, आठवडाभर बर्फात आपटली, अंग काळंनिळं करून परत आली आणि विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच पुढच्या वर्षीची रजा टाकली. असं अमित सांगतो, आणि त्याचा चेहरा बघता खरंच असणार.

इथे एक हॉल आहे. त्यात उतारावर गालिचा फिरतो. गालिचा वर सरकतो, माणूस खाली घसरतो, म्हणजे तासभर घाम गाळून माणूस जागच्या जागी. दर शनिवारी ०९०० ला रेवा तिथे हजर असते. एकदा मलाही घेऊन गेली. मी खुर्चीवर बसून बघत होतो, तर तिथला शिकवणारा आला आणि म्हणाला, "अंकल, यू वाँट टू ट्राय? व्हेरी ईझी, लाह." मी सात हिवाळे जवानांना स्कीइंग शिकवलं आहे. नो थँक यू म्हटलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

घरात वेगळाच ताप. नव्या बुटांची पायाला सवय व्हायला हवी म्हणून ती ते घरात घालते. कडक प्लॅस्टिकचे, पोटरीपर्यंत येणारे, त्यात माणसाला सरळ चालताही येत नाही. ते घालून ही बाई आमटीला फोडणी देते. खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम मला लिफ्टमध्ये भेटल्या. "अंकल, युअर हाऊस गॉट हॉर्स, आह?" आता काय सांगणार. म्हटलं, माय डॉटर-इन-लॉ.

मी तिला सरळ विचारलं, "काय मिळतं गं तुला त्यात?"

"बाबा, दिवसभर माझ्या डोक्यात बावीस जहाजं असतात. कुठलं कुठे अडकलं, कुणाचा फोन घ्यायचा राहिला. उतरताना डोक्यात फक्त पुढचं वळण असतं. एकच."

"त्याला जपान कशाला? देवासमोर पाच मिनिटं डोळे मिटून बस की."

"बसते. तिथेही जहाजंच दिसतात."

यावर काय बोलणार, कपाळ. हौस आहे, करू दे. तयार केलेल्या उतारावर, दोरीची कुंपणं घातलेल्या जागेत चार दिवस घसरून येते, येऊ दे.

या वर्षी मात्र तिने नवं खूळ काढलं. पाच जणांचा ग्रुप, एक गाइड, आणि कुंपणाच्या बाहेर, डोंगरावरच्या कोऱ्या बर्फात उतरायचं. हे तिने मला जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगितलं. माझा घास हातातच राहिला. कोरा बर्फ म्हणजे काय हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं. त्या दिवसापासून माझं एकच काम ठरलं. हिला थांबवायचं.

अमितला सांगून बघितलं. तो म्हणाला, "बाबा, माझं ती ऐकते का? तुम्ही फौजेतले, तुम्हीच सांगा." लग्नाला नऊ वर्षं झालेला माणूस हे बोलतो.

संधी रेवानेच दिली. निघायच्या आधीच्या शनिवारी १७०० ला तिचा ग्रुप घरी आला. सगळे आयटीतले नाहीतर बँकेतले, तिशी-चाळिशीचे. पोहे झाले, चहा झाला. मग तोआ पायोहला राहणारा केतन म्हणून आहे, तो म्हणाला, "काका, स्नोमधला एखादा थरारक अनुभव सांगा ना."

थरारक. या शब्दाने माझं डोकं फिरतं. तरी म्हटलं, सांगतो. आणि त्यांना लान्सनायक मेथरबद्दल सांगितलं.

दत्ताराम मेथर. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावचा. बाप होडीवर, भाऊ होडीवर. हा पलटणीत आला. पंचवीस वर्षांपूर्वी आमची कंपनी उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार होतो आणि स्की इन्स्ट्रक्टर, म्हणजे जवानांचा उस्ताद. मेथर पहिल्या दिवशी स्कीकडे बघून म्हणाला, "उस्ताद, ह्या फळ्यांवर उभं राहायचं?" त्या दिवशी तो अकरा वेळा पडला. मी मोजले, कारण माझं कामच ते होतं. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. पंधरा दिवसांनी तो माझ्या बरोबरीने उतरत होता. महिन्याने मी मागे पडायला लागलो.

मग त्याने मला छळायला सुरुवात केली. रविवारी सगळे कपडे धुतात, पत्रं लिहितात, झोपतात. हा स्कीच्या तळाला पट्ट्या लावून पोस्टसमोरचा चढ चढायला लागायचा. चढायला दोन तास, उतरायला चार मिनिटं. खाली आला की परत वर. स्कीला चोळायचं मेण संपलं तर मेणबत्त्या चोळल्या. पोस्टवरच्या मेणबत्त्या संपल्या तेव्हा लंगरचा कुक माझ्याकडे भांडायला आला. मी मेथरला शिक्षा दिली. शिक्षा भोगून हा परत चढायला गेला. दुपारचं जेवण थंड व्हायचं, मी पोस्टच्या दारात उभा राहून त्याच्या नावाने ओरडत असायचो, आणि तो वरून हात हलवायचा. त्याला वाटायचं मी शाबासकी देतोय.

एकदा मी त्याला पकडून समोर बसवलं. "काय मिळतं रे तुला? चार मिनिटांसाठी दोन तास मरतोस."

तो म्हणाला, "उस्ताद, मी चढतो तुमच्या हुकमाने. जेवतो हुकमाने, झोपतो हुकमाने. उतरताना ती चार मिनिटं कुणाचा हुकूम पोचत नाही. तुमचा पण नाही."

मी त्याला वीस फ्रंट रोल दिले. बर्फात. ते त्याने हसत मारले.

हे सगळं मी त्या मुलांना सांगितलं आणि हे सगळं खरं आहे. पुढे सांगितलं ते असं. एका पॅट्रोलवर नाला ओलांडताना मेथर स्कीच्या नादात वेगात गेला, आखलेली रेषा सोडली, बर्फ सुटला आणि तो त्याखाली गेला. नाद वाईट. म्हणून म्हणतो, कोऱ्या बर्फात जाऊ नका.

शेवटचं खोटं होतं. पंचवीस वर्षं मी तेच सांगत आलो होतो, इतक्या वेळा की सांगताना जीभ अडखळायची बंद झाली होती.

मग केतन म्हणाला, "पण काका, जे आवडतं ते करताना गेले. लकी माणूस."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेलो. बाहेर त्यांचं पुन्हा सुरू झालं, कुठल्या दिवशी किती बर्फ पडणार, कुणाचे चष्मे चांगले. माझ्या बोलण्याचा परिणाम इतकाच झाला की त्यांना आणखी चेव चढला.

गुरुवार. शुक्रवारी सकाळी रेवाचं विमान. १८०० ला तिने सगळं सामान पलंगावर मांडलं. मला राहवलं नाही. किट लेआउट बघितलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. मी एकेक वस्तू बघत गेलो. हातमोजे दोन जोड्या, बरोबर. फावडं, बरोबर. बर्फात टोचून बघायची काठी, बरोबर. आणि बॅगेच्या तळाशी एक खोका. खोक्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुठीएवढं यंत्र, त्याचे पट्टे घडी करून रबर बँड लावलेले.

हे यंत्र मला माहीत होतं. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर यातून सिग्नल निघत राहतो आणि वरच्यांना तो सापडतो. आमच्या वेळी ते आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे लाल दोरी होती.

"हे अंगावर बांधायचं असतं," मी म्हटलं. "जॅकेटच्या आत. चालू करून. घरातून निघतानाच."

"माहीत आहे, बाबा. गाइडने सांगितलं तर घालेन."

"सांगितलं तर म्हणजे?"

"अहो, ते सुजाताचं आहे. माझ्या ऑफिसातली. कोरं करकरीत, तिनेही अजून वापरलेलं नाही. ओरखडा पडला तर ती तोंडाने काही बोलणार नाही, पण वर्षभर लक्षात ठेवेल. तिच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. जशीच्या तशी वस्तू परत द्यायची आहे मला."

मी पलंगाच्या कडेला बसलो. हातात तो रबर बँड लावलेला पट्टा होता. मग माझा आवाज चढला. शेजाऱ्यांनी ऐकला असेल, मिसेस लिमनी नक्कीच ऐकला. काय बोललो ते सगळं आठवत नाही. मूर्ख, अक्कल गहाण ठेवलीस का, वस्तू जपायची की माणूस, असं बरंच काही. सुनेशी असं बोलू नये. रेवाने ऐकून घेतलं. मग दार लावलं आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, काय झालं?"

मी तिला सांगितलं. आता जसं झालं तसं लिहितो.

पॅट्रोल सहा जणांचं होतं. वरच्या पोस्टवर रेडिओच्या बॅटऱ्या आणि औषधं पोचवायची होती. पॅट्रोलच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पोस्टवर सीओ साहेबांचं किट इन्स्पेक्शन होतं. म्हणून पॅट्रोलच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांचं किट मांडून घेतलं. मेथरची दोरी बघितली. ही पातळ लाल दोरी, पंधरा मीटरची. हिमस्खलनाची जागा ओलांडताना एक टोक कमरेला बांधायचं आणि बाकीची मागे मोकळी सोडायची. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहते. ती दिसली की धरायची आणि खणत जायचं.

मेथर एवढा स्कीवर असायचा की त्याच्या दोरीची दशा झाली होती. धागे सुटलेले, मेण लागलेलं, रंग उडालेला. मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. क्वार्टरमास्टरच्या हातापाया पडून स्टोअरमधून त्याच्यासाठी नवी दोरी काढली, त्याची सही घेतली. आणि म्हणालो, "परवा साहेबांसमोर ही मला अशीच दिसली पाहिजे. एक धागा निघाला, तर तुझी स्की स्टोअरमध्ये जमा. हिवाळा संपेपर्यंत हात लावायचा नाही."

हसणारा माणूस, पण त्या वेळी हसला नाही. "जी उस्ताद" म्हणाला.

पॅट्रोलच्या दिवशी ०५४० ला निघालो. ०८१० ला नाल्याशी पोचलो. उतारावर ऊन यायच्या आत ओलांडायचं होतं. एका वेळी एक माणूस, बाकीचे थांबणार. ड्रिल सगळ्यांना पाठ. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे, पाठीवरच्या सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, दोरी बाहेर. रोज मी एकेकाची दोरी हाताने ओढून बघायचो. त्या दिवशी उशीर झाला म्हणून बघितली नाही. पहिला मी गेलो. मग दोघं आले, त्यातला एक सिग्नलर. चौथा मेथर.

तो पलीकडच्या कडेला उभा राहिला. आमच्यात ऐंशी पावलांचं अंतर. त्याच्या मागे बर्फावर लाल काही दिसत नव्हतं. त्याने डाव्या पाऊचवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तो विचारत होता. नवी दोरी पाऊचमध्ये आहे, राहू दे का?

मला समजलं. नाही समजलं असं म्हणायला मला खूप आवडलं असतं. माझ्या मनात आलं, नाला काही लांब नाही, मिनिटभरात येईल, आणि इन्स्पेक्शनला दोरी स्वच्छ राहील. मी मान हलवून हो म्हटलं.

तो निघाला. आम्ही आखलेल्या रेषेतून, ठरलेल्या वेगाने. स्कीवर जीव असलेला हा माणूस नाला ओलांडताना कधी अगोचरपणा करत नसे. ०८२२ ला वरून आवाज आला. मोठा नव्हता. गोणी जमिनीवर टाकल्यासारखा. वरचा बर्फ सुटून नाल्यात आला आणि मेथर नव्हता.

सिग्नलरने वायरलेस सेट दिला. टँगो म्हणजे आमची पोस्ट, विक्टर म्हणजे आमचं पॅट्रोल. मी बोललो.

"टँगो, विक्टर. एक जवान दबला. नाल्यात. ओव्हर."

"विक्टर, टँगो. नाव? ओव्हर."

"मेथर. ओव्हर."

कंपनी कमांडर स्वतः सेटवर आले. "विक्टर, दोरी दिसते का? ओव्हर."

मी बर्फाकडे बघत होतो. सगळं पांढरं.

"निगेटिव्ह. ओव्हर."

आम्ही पाच जणांनी रांग करून काठ्यांनी टोचत नाला पालथा घातला. खालून वर, मग वरून खाली. ०९३१ ला माझ्या काठीला मऊ काहीतरी लागलं. तो कमरेएवढ्या खोलीवर होता, उभ्यासारखा. दोरी बाहेर असती तर दहा मिनिटांत काढला असता. त्याला बाहेर काढला तेव्हा इतर लोक फावडी टाकून त्याची छाती दाबत होते, तोंडात हवा भरत होते. मी पाऊच उघडलं. दोरी आत होती. आठ पदरी घडी, वर रबर बँड, एक धागा निघालेला नाही. मी ती काढून माझ्या खिशात टाकली. त्या दिवशी पोस्टवर परत आल्यावर मी ती बुखारीत, खोली तापवायच्या शेगडीत, जाळली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं, दोरी सापडली नाही, वाहून गेली असावी. मेथरला स्कीचा फार नाद होता. रेषा सोडून गेला असावा. बाकीचे चौघं काही बोलले नाहीत. मेथरच्या मागे थांबलेल्या दोघांना त्याची पाठ दिसली होती, माझी मान त्यांना दिसली असेल का ते मला माहीत नाही. कागदावर लिहिलं गेलं, अतिउत्साह.

त्याला गावी घेऊन मीच गेलो. बायकोचं नाव शारदा. कडेवर दीड वर्षाची मुलगी. तिने एकच विचारलं, "कसो गेलो?" मी म्हटलं, "स्कीवर जीव होता त्याचा, वहिनी. वेगात होता." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "त्या फळयांपायी." मी हो म्हटलं. त्या वेळी मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

सांगून झालं. मी वाट बघत होतो की रेवा माझ्या हातावर हात ठेवेल, जाऊ द्या बाबा म्हणेल. तशी माणसं म्हणतात.

ती म्हणाली, "हे त्यांच्या बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"तिला अजून वाटतं की ते स्कीच्या नादात गेले?"

"हो."

"पंचवीस वर्षं?"

"हो."

"मग मला कशाला सांगताय, बाबा? मी त्यांची कोण?" मी तिला इतकी चिडलेली कधी बघितली नव्हती. "शनिवारी सगळ्यांसमोर त्या माणसाला वेडा ठरवलंत. कशासाठी? तर मी जपानला जाऊ नये म्हणून. मेलेल्या माणसाला किती कामाला लावाल?"

 

तिने माझ्या हातातून ते यंत्र घेतलं, रबर बँड काढला, पट्टे मोकळे केले आणि टी-शर्टवरच अंगावर चढवून बघितले. सैल होते, घट्ट केले. "मी जाणार आहे," ती म्हणाली. "हे घालून जाणार आहे, ओरखडे पडले तर पडले. सुजाताला काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही फोन करा."

"उद्या करतो."

"आत्ता. मी बाहेर बसते."

शारदा वहिनींचा नंबर माझ्याकडे होता. दर दिवाळीला मी शुभेच्छांचा मेसेज टाकायचो, ती हात जोडलेलं चित्र पाठवायची. इथे १९१५ झाले होते, म्हणजे तिकडे पावणेपाच. दुसऱ्या रिंगला फोन उचलला.

"जाधव उस्ताद? बरे आसात मा? आज कशी याद काढलास?"

मी खुशाली विचारली नाही. विचारली असती तर पुढचं बोलणं झालं नसतं. मी सांगितलं. दोरी काय असते, मी काय दम दिला होता, त्याने पाऊचवर हात कसा ठेवला, मी मान कशी हलवली. दोरी जाळली तेही सांगितलं. रिपोर्ट देतात तसं, क्रमाने, वेळेसकट. दुसरी पद्धत मला येत नाही.

पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारलं. तिने त्याला थांब म्हटलं. मग मला विचारलं, "म्हणजे फळयांच्या नादान नाय गेलो तो?"

"नाही, वहिनी. माझ्या हुकमाने गेला. त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं."

"रेषा सोडूक नाय त्यानं?"

"नाही. एक पाऊलसुद्धा नाही."

 

"पंचवीस वर्षां मी त्याका शिव्या घालतंय," ती म्हणाली. "बायल-पोरीपेक्षा फळयो जास्त आवडल्यो म्हणून. देवळात उभी रवान घातलंय. त्याच्या पोरीकपण तसाच सांगलंय, तुझ्या बापाक खेळ मोठो होतो." "आता तुमका घालतंय. ऐकशात?"

"ऐकतो, वहिनी."

तिने घातल्या. आवाज न चढवता, न घाईने, एकेक करून. मला, माझ्या इन्स्पेक्शनला, माझ्या उस्तादकीला, दर दिवाळीच्या त्या शुभेच्छांना. मी पलंगावर बसलो होतो, उठलो. टाचा जुळवल्या, मोकळा हात पँटच्या शिवणीला लावला आणि सावधान उभा राहून सगळ्या ऐकल्या. एकही शिवी चुकीची नव्हती. शेवटी ती म्हणाली, "ठेवतंय. पोरीक सांगूक होया." आणि फोन बंद केला.

दार उघडलं तर रेवा जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तिने पाणी आणून दिलं. नंतर अमित आला, सगळे जेवलो.

ती गेली आणि आठ दिवसांनी नाक सोलवटून परत आली. तिकडून तिने मला व्हिडिओ पाठवला होता, चौदा सेकंदांचा. कोऱ्या बर्फातून ती खाली येते आहे, वळते आहे, आणि काही कारण नसताना मोठ्याने हसते आहे. मी तो तीन वेळा बघितला. चार मिनिटांसाठी दोन तास का मरायचं ते मला अजून कळलेलं नाही, आणि पुढच्या वर्षीची रजा तिने टाकूनही झाली आहे. काय बोलणार. निघताना यंत्र अंगावर होतं का, एवढंच मी विचारलं. होतं, म्हणाली. घरातून निघतानाच.

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला मी पत्र लिहिलं आहे. पोच अजून आलेली नाही, जुना कागद बदलतील की नाही माहीत नाही. तोवर इथे नोंद करतो. लान्सनायक दत्ताराम मेथर, वय सत्तावीस. ०८२२ ला, आखलेल्या रेषेतून, ठरलेल्या वेगाने, उस्तादाच्या परवानगीने नाला ओलांडत होता. अतिउत्साह नव्हता. स्कीइंग तो माझ्यापेक्षा चांगलं करायचा.